साडेआठ किलो उतरले, सिलिंडर उचलेना

भांडुपला माझी एक लहानशी व्यायामशाळा आहे. आरसे कमी, लोखंड जास्त. मे २०२४ मध्ये एका संध्याकाळी तिथे एक जोडपं आलं. वजन नवऱ्याचं उतरलं होतं आणि तक्रार बायकोची होती.

"चार महिन्यांत साडेआठ किलो उतरवले यांनी. सगळे विचारतात, काय केलंत म्हणून. पण परवा सिलिंडर आला, तर दारातून ओट्यापर्यंत लोळवत नेला. वीस वर्षं मी बघतेय, एका हाताने उचलायचे."

साहेब ओशाळून हसले. त्यांचं नाव देत नाही. बँकेत अधिकारी आहेत म्हणून आमच्याकडे सगळे त्यांना साहेबच म्हणतात. वय ४८, उंची १६८ सेंटिमीटर. भांडुप ते सीएसएमटी रोजची लोकल. जुनी इमारत, तिसरा मजला, लिफ्ट नाही, तेव्हा पाइपचा गॅसही नव्हता. भरलेला घरगुती सिलिंडर म्हणजे १४.२ किलो गॅस आणि जवळपास तेवढंच लोखंड, एकूण तीसेक किलो.

मला हे प्रकरण लिहावंसं वाटलं ते या सिलिंडरमुळे. वजनकाट्यावर सगळं छान चाललं होतं. बिघाड पहिल्यांदा दिसला तो स्वयंपाकघरात.

काय केलं होतं

जानेवारीत त्यांचं वजन ८६.४ किलो होतं, कंबर बेंबीच्या रेषेत १०४ सेंटिमीटर, तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीएवनसी, ६.१. मधुमेह नाही, पण उंबरठ्यावर. घाबरून त्यांनी दिवसातून दोनदाच जेवायचं, मध्ये काही नाही, असं सुरू केलं. जोडीला रोज पाऊण तास चालणं. दोन जेवणांना माझा काही आक्षेप नाही. साखर ५.८ वर आली, रात्रीची जळजळ थांबली, हे त्याच शिस्तीचं श्रेय. प्रश्न होता तो त्या दोन जेवणांत होतं काय याचा.

मी वहिनींना विचारलं, आमटीला डाळ किती घेता? त्यांनी मूठ दाखवली. "दोन मुठी. चार माणसं, दोन्ही वेळची." दुसऱ्या दिवशी त्यांनी घरच्या काट्यावर त्या दोन मुठी तोलून मला फोटो पाठवला: ९८ ग्रॅम तूरडाळ. शंभर ग्रॅम डाळीत साधारण २२ ग्रॅम प्रथिनं. चौघांत वाटली तर माणशी साडेपाच. दिवसभराची! आणि हे गृहस्थ मला सांगत होते, "प्रथिनांचं काही नाही, आमच्याकडे रोज आमटी असते."

बाकीचं ताट: दोन भाकऱ्या, दोन्ही वेळची भाजी, एक वाटी ताक, कोशिंबिरीतलं दाण्याचं कूट. मासे बुधवारी आणि रविवारी. एरवीच्या दिवसाची बेरीज ३५ ते ४० ग्रॅमच्या वर जाईना. आयसीएमआर आणि राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये निरोगी प्रौढासाठी सांगितलेलं प्रमाण किलोमागे ०.८३ ग्रॅम आहे. म्हणजे वजन कायम ठेवणाऱ्याची गरजसुद्धा साहेबांच्या बाबतीत पासष्टच्या आसपास जाते. आणि हे तर पोटाला चिमटा घेऊन वजन उतरवत होते. तेव्हा गरज आणखी वाढते, कारण शरीर इंधनासाठी स्नायूही मोडायला काढतं.

नुसतं कमी खाऊन वजन उतरवलं तर उतरलेल्या किलोंचा साधारण पाव हिस्सा चरबीखेरीज इतर ऊतींचा असतो, असा ढोबळ हिशेब आहे. प्रथिनं एवढी कमी आणि वजन उचलायचा व्यायाम शून्य, तर तो पाव हिस्सा पावच राहील याची काही शाश्वती नाही.

मोजलं ते

मे महिन्यात वजन ७७.८ किलो. मी मुद्दाम चार गोष्टी मोजल्या आणि वहीत पहिल्या पानावर लिहिल्या.

कंबर ९९. म्हणजे ८.६ किलो गेले आणि कंबर हलली जेमतेम ५ सेंटिमीटर. पकड मोजायच्या यंत्रावर उजवा हात ३१ किलो. आशियाई तज्ज्ञांच्या गटाने पुरुषांसाठी २८ च्या खाली गेलं की ताकद कमी म्हणायचं असं २०१९ मध्ये ठरवलं आहे. ती रेषा मुख्यतः म्हाताऱ्या माणसांसाठी वापरतात. हे ४८ व्या वर्षी तिच्यापासून तीन किलोंवर. हात छातीशी बांधून खुर्चीतून पाच वेळा उठणं-बसणं: ११.६ सेकंद. तिथली रेषा १२. चौथी गोष्ट, छातीशी डंबेल धरून बाकापर्यंत स्क्वॉट: ८ किलो, १० वेळा, आणि शेवटच्या दोन वेळी गुडघे थरथरत होते.

शरीरातली चरबी सांगणाऱ्या, पायाखाली ठेवायच्या काट्यावर मी त्यांना उभंच केलं नाही. तो काटा अंगातून बारीकशी वीज सोडून अंदाज बांधतो. पाणी कमी प्यालं, जास्त प्यालं, की आकडा इकडचा तिकडे. पूर्वी मी त्याचे छापील कागद अभिमानाने देत असे. एका पोराचे 'स्नायू' एका रात्रीत दीड किलोने वाढलेले पाहिल्यावर ते यंत्र विकून टाकलं.

कंबरेवर माझा इतका जोर का, तर आपली घडणच तशी. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, तोच, २२.३. युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२. दिसायला सडपातळ, आतून चरबीदार. म्हणून भारतीय पुरुषाला कंबरेची मर्यादा ९० सेंटिमीटर सांगतात, आणि म्हणून आपल्याकडच्या माणसाने स्नायू गमावून वजन कमी करणं हा दुप्पट तोट्याचा सौदा. मुळात भांडवल थोडं, त्यातूनच खर्च.

साहेबांनी आणखी एक कागद आणला होता, टेस्टोस्टेरॉनचा. आकडा कमी. "वयाचं आहे ना हे?" पाहिलं तर रक्त दिलेलं संध्याकाळी पाच वाजता, पाच तासांच्या झोपेवर. हे हार्मोन सकाळी सर्वांत जास्त असतं. डॉक्टरांनी सकाळी आठला पुन्हा काढायला लावलं, नॉर्मल आलं. तो विषय तिथेच संपला. एरवी याच कागदावर लोक इंजेक्शनं घेत बसतात.

आखणी

डॉक्टरांकडून रक्तदाब आणि ईसीजी बघून घेतला आणि सुरुवात केली. आठवड्यातून तीन दिवस, पाऊण तास. स्क्वॉट, डंबेल रो (वाकून डंबेल कमरेकडे ओढणं), कमरेतून वाकून डेडलिफ्ट, टेबलावर हात ठेवून जोर, खांद्यावरून वर ढकलणं, आणि शेवटी दोन हातांत वजन घेऊन गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन येणं. प्रत्येकी दहा-दहा वेळांचे तीन सेट. अजून दोन वेळा होईल असं वाटत असतानाच सेट थांबवायचा. सगळे १० झाले की पुढच्या वेळी वजन वाढवायचं आणि वहीत लिहायचं. चालणं कमी केलं नाही. नुसतं चालून पाय टिकतात या समजुतीतून मात्र त्यांना बाहेर काढावं लागलं.

खाण्यात भाकऱ्या तशाच ठेवल्या. लक्ष्य ठेवलं ११० ग्रॅम प्रथिनांचं, म्हणजे सत्तर किलोच्या हिशेबाने किलोमागे १.६ च्या जवळ. सकाळी चार अंडी: २४. डब्यात पातळ आमटीऐवजी घट्ट उसळ, कोरडी मटकी किंवा चणे ६० ग्रॅम: १३. सोबत मोठी वाटी दही: ६. दुपारच्या पोळ्या: ६. संध्याकाळी सीएसएमटीला गाडीत बसायच्या आधी मूठभर फुटाणे: ८. रात्री दीडशे ग्रॅम मासे, बांगडा असो की सुरमई: २८. भाकरी: ५. डब्यातल्या मापाने एक चमचा व्हे, म्हणजे दुधातल्या प्रथिनांची पावडर: २४. झाले ११४. उष्मांक रोजच्या गरजेपेक्षा चार-पाचशेनेच कमी. त्यांना घाई होती, मी आठवड्याला ४०० ग्रॅमच्या वर उतरू देत नव्हतो.

हल्ली वजन उतरवायच्या इंजेक्शनांबद्दलही लोक विचारतात. ती देणं-न देणं डॉक्टरांचं काम. पण भूक मेली की ताटातून आधी उसळ आणि मासेच जातात, चहा-बिस्किट राहतं, एवढं मी पाहिलं आहे.

पहिले सहा आठवडे सकाळी सव्वासहाला यायचे. वजनं वाढेनात, चिडचिड वाढली. विचारल्यावर कळलं, झोपायला साडेबारा आणि उठायला साडेपाच. शिकागो विद्यापीठातला २०१० सालचा एक छोटा प्रयोग आहे: दहाच माणसं, तेच कमी उष्मांकाचं जेवण, दोन आठवडे साडेआठ तास अंथरुणात आणि दोन आठवडे साडेपाच तास. दोन्ही वेळा वजन सारखंच, तीनेक किलो उतरलं. पण भरपूर झोपेच्या काळात त्यातली चरबी १.४ किलो, कमी झोपेच्या काळात ०.६. बाकीचं गेलं ते चरबीखेरीजचं. मी व्यायाम रात्री साडेआठला हलवला आणि मोबाइल अकराला स्वयंपाकघरात ठेवायला सांगितला. यावर वहिनींचं सहकार्य अपेक्षेपेक्षा जास्त मिळालं.

जुलैअखेर वजन ७४.६, कंबर ९५. स्क्वॉट २० किलोवर, १० वेळा. रो एका हाताने २० किलो. मी खूश होतो.

माझी चूक

आखणी करताना मी कॅलेंडर बघितलं नव्हतं.

एका मालवणी घराची प्रथिनं मी मे महिन्यात माशांवर बेतली. १ जून ते ३१ जुलै आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना मासेमारी बंद. बाजारात बर्फातला माल, तोही महाग. ते दोन महिने साहेबांनी चिकन आणि सुक्या बोंबलावर भागवले, त्यामुळे मला जाणवलं नाही. ४ ऑगस्टला, रविवारी, गटारी झाली. ५ ऑगस्टला श्रावण लागला. त्या वर्षी श्रावण सोमवारीच सुरू झाला आणि त्यात पाच सोमवार आले.

साहेब श्रावण कडक पाळतात हे मला माहीत असायला हवं होतं. माझ्या स्वतःच्या घरी पाळतात. अंडी बंद, मासे बंद. आणि 'जिमची पावडर' ही मांसाहारी असणार असं गृहीत धरून तीही बंद. तिन्हींची बेरीज ७६ ग्रॅम. सोमवारी उपास, म्हणजे साबुदाण्याची खिचडी. शंभर ग्रॅम साबुदाण्यात एक ग्रॅमही प्रथिनं नसतात. खिचडीत जे काही असतं ते दाण्याच्या कुटाचं.

काटा मात्र भराभर खाली येत होता. चार आठवड्यांत २.३ किलो. साहेब हरखले. खरं सांगायचं तर पहिले पंधरा दिवस मीही "वा!" म्हटलं. मग वही चाळली. रो २० किलोवरून १७.५ वर, तेही आठच वेळा. स्क्वॉट २० वर अडकलेला. कंबर फक्त एक सेंटिमीटर कमी. जानेवारी ते एप्रिलचीच पुनरावृत्ती, या वेळी माझ्या डोळ्यांदेखत.

श्रावणाच्या शेवटच्या आठवड्यात त्यांच्या घरी जाऊन बसलो. पावडर दुधाचीच असते, डब्यावर हिरवा ठिपका आहे, हे दाखवलं. वहिनींनी डबा उलटसुलट वाचला आणि निर्णय दिला: "दुधाची आहे ना, मग चालते. सोमवारी पण चालते." मी म्हटलं, तुम्ही श्रीखंडाला दही टांगता, खाली जी निवळी पडते त्याच जातीचं हे. त्यावर त्यांनी लगेच विचारलं, मग निवळीच का पिऊ नये? चांगला प्रश्न. चक्क्याच्या निवळीत प्रथिनं अगदी थोडी. बहुतेक सगळी वर चक्क्यातच राहतात. म्हणून चक्काच खायचा, साखर न घालता, जिरं-मीठ लावून. शिवाय १०० ग्रॅम पनीर म्हणजे १८ ते २०, आणि कोरडे सोयाचे तुकडे ५० ग्रॅम म्हणजे २६. सोयाची भाजी वहिनींनी मटणाच्या वाटणात केली. साहेब म्हणाले, श्रावणात हे खाताना पाप केल्यासारखं वाटतं.

दुरुस्ती उशिरा झाली. श्रावण संपतच आला होता. पण मार्गशीर्षात ती आयती कामाला आली.

गणपतीला, ७ सप्टेंबरच्या आधीच, ते कोकणात गावी गेले. आठवडाभराने परतले ते १.८ किलो वाढून. मोदक खाल्ले होतेच, पण एवढी चरबी आठवड्यात होत नाही. पिठूळ आणि गोड खाल्लं की स्नायूंत ग्लायकोजेन, म्हणजे राखीव साखर, साठतं आणि त्याच्या एका ग्रॅमसोबत तीनेक ग्रॅम पाणी. दहा दिवसांत काटा पूर्ववत. गावी त्यांनी रोज पडवीत बैठका आणि जोर काढले होते, त्यामुळे वहीतले आकडे पडले नाहीत.

क्रिएटिनिनचा घोळ

सप्टेंबरमध्ये मी त्यांना रोज ३ ग्रॅम क्रिएटिन, म्हणजे स्नायूंच्या ताकदीसाठी घ्यायची पूड, सुरू करायला सांगितलं. साधं, स्वस्त, बऱ्यापैकी अभ्यासलेलं. ऑक्टोबरच्या तपासणीत रक्तातलं क्रिएटिनिन, ज्यावरून किडनीचं काम जोखतात, ०.९ वरून १.३ आलं. त्यांच्या डॉक्टरांनी फोन केला: "किडनीवर ताण आहे, प्रथिनं बंद करा." घरात रडारड व्हायची बाकी.

डॉक्टर चुकले असं मी म्हणणार नाही. समोर वाढलेला आकडा आणि पेशंट पावडर खातोय, तर कुणीही हेच म्हणेल. चूक माझी, की क्रिएटिन घेताय हे डॉक्टरांना सांगून ठेवा, असं मी बजावलं नाही. क्रिएटिनचंच शरीरात क्रिएटिनिन होतं, त्यामुळे किडनी ठणठणीत असतानाही आकडा थोडा चढतो. त्यातून रक्त दिलं होतं रात्रीच्या जड व्यायामानंतर दुसऱ्या सकाळी. डॉक्टरांशी बोलून क्रिएटिन चार आठवडे थांबवलं, लघवीतलं अल्ब्युमिन आणि रक्तातलं सिस्टॅटिन सी, या किडनीच्याच आणखी दोन तपासण्या केल्या. दोन्ही नॉर्मल. क्रिएटिनिन पुन्हा १.० वर. ज्याची किडनी खरंच दुखावलेली आहे त्याचा प्रथिनांचा हिशेब वेगळा असतो आणि तो माझ्या वहीत बसत नाही. म्हणून आता पहिल्याच दिवशी हा रिपोर्ट मागतो.

जानेवारी २०२५

वजन ७१.४. कंबर ९०, नेमकी रेषेवर. पकड ३८ किलो. खुर्चीतून पाच वेळा ८.२ सेकंदांत. स्क्वॉट २५ किलोवर १०. माझ्याकडचा सर्वांत जड डंबेल तेवढाच आहे. एचबीएवनसी ५.६.

दोन्ही टप्पे शेजारी ठेवले तर असे दिसतात: पहिल्यांदा ८.६ किलो गेले आणि कंबर ५ सेंटिमीटरने उतरली, दुसऱ्यांदा ६.४ किलो आणि कंबर ९. एका माणसाची गोष्ट आहे, आणि फीत दोन्ही वेळा माझ्याच हातात होती असं नाही, हेही सांगायला हवं. पोट अजून आहे. उजवा खांदा वर ढकलताना कुरकुरतो, तो व्यायाम आम्ही बदलला. ६८ किलोचं वेड त्यांच्या डोक्यातून गेलेलं नाही. मी म्हणतो कंबर ८८ होऊ दे, काटा बघू नका. ते बघतातच.

सिलिंडरचं राहिलं. डिसेंबरमध्ये त्यांच्या इमारतीत पाइपचा गॅस आला. ज्या परीक्षेसाठी एवढं सगळं केलं तीच रद्द झाली. जुना जोड परत करायचा होता, एक भरलेला आणि एक रिकामा. गाडी खाली आली तेव्हा साहेबांनी माणसाला वर येऊच दिलं नाही. भरलेला सिलिंडर खांद्यावर घेऊन तिसऱ्या मजल्यावरून स्वतः उतरले. मी त्यांना कधीही जिन्यावरून तीस किलो उतरवायला सांगितलं नव्हतं.

रात्री वहिनींचा आवाजी निरोप आला: "यांच्या पाठीत काही झालं तर तुम्ही बघून घ्या. आणि रिकामा सिलिंडर कुणी नेला विचारा. मी."